टपाली मत आणि गृहमतदान: नाशिककरांनो, २२ ऑक्टोबरनंतरचे पाच दिवस हातचे घालवू नका

पंचवटीची सून | १७ ऑक्टोबर २०२४, रात्री

परवा विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी. सगळ्यांच्या डोक्यात २० तारीखच बसली आहे. पण ज्यांच्या घरात पंच्याऐंशी ओलांडलेलं किंवा अंथरुणाला खिळलेलं दिव्यांग माणूस आहे, त्यांनी आधी २२ ऑक्टोबर लिहून ठेवा. त्या दिवशी अधिसूचना निघणार आहे आणि घरी बसून मत द्यायचं असेल तर तिथून पाच दिवसांत 'नमुना १२ ड' भरून द्यावा लागतो. मतदानाला महिना आहे म्हणून निवांत राहाल तर ही संधी दिवाळीच्या आधीच निघून गेलेली असेल.

मी हे इतकं जीव तोडून का सांगतेय, तर माझ्या सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या जिना उतरलेल्या नाहीत. आमचं घर जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना. मागे एका निवडणुकीत माझ्या मिस्टरांनी आणि शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं होतं. वळणावर खुर्ची कलली आणि त्या इतक्या घाबरल्या की मत देऊन परत येईपर्यंत बोलल्याच नाहीत. तेव्हा ठरवलं, पुन्हा असं नाही.

मग या मे महिन्यात लोकसभेला गृहमतदानाचा अर्ज दिला. लोकसभेला ही सोय देशभर पहिल्यांदाच होती. आमच्याकडे फॉर्म घेऊन कोणी आलं नाही, मीच दोन ठिकाणी विचारत फिरले, चौथ्या दिवशी हातात पडला, पाचव्या दिवशी भरून दिला. म्हणून म्हणते, वाट बघू नका. आपल्या यादीभागाच्या बीएलओचा (मतदारयादीच्या त्या भागाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा) नंबर आजच काढा. १९५० वर फोन केला तर मिळतो, व्होटर हेल्पलाइन ॲपवरही दिसतो.

पथक कधी येणार याचा मेसेज आला, आणि ठरल्या दिवशी चौघं जण आले. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा. आमच्या टेबलावर चहाची भांडी होती, ती उचलली. अधिकारी बाईंनी पुठ्ठ्याचा तीन बाजूंचा आडोसा उघडून टेबलावर उभा केला. ओळखपत्र पाहिलं, यादीत नाव पाहिलं, मग आम्हा घरच्यांना लांब उभं राहायला सांगितलं. कॅमेरा सगळं टिपत होता, पण आडोशाच्या आतलं नाही. सासूबाईंचा हात थरथरतो. त्यांनी पेन दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ लावला. कोणी घाई केली नाही. मग मतपत्रिकेची घडी केली, लहान पाकिटात घातली. बाईंनी डिंक पुढे केला, "आजी, मी लावू का?" तर सासूबाई म्हणाल्या, "द्या इकडे, मीच लावते." पाकीट चिकटवून त्यावरून अंगठा तीनदा फिरवला.

ज्यांना या वेळी अर्ज करायचा आहे त्यांनी इथेच विचारा. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते, बाकी जाणकार आहेतच.

---

गंगापूररोडवासी | १८ ऑक्टोबर

ताई, फार चांगला धागा. माझे वडील ८२ वर्षांचे आहेत. ऐंशीच्या वरच्यांना घरून मत देता येतं असं मी वाचलं होतं. आमचा अर्ज चालेल ना?

---

पंचवटीची सून | १८ ऑक्टोबर

नाही चालणार हो काका. २०१९ मध्ये सोय आली तेव्हा वय ८० होतं, पण १ मार्च २०२४ पासून ते ८५ केलं. नुसत्या वयावर अर्ज करायचा तर ८५ पूर्ण हवीत. बऱ्याच घरांत अजून ८० चाच आकडा डोक्यात आहे.

दुसरी वाट अपंगत्वाची. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर वय कितीही असो, घरून मत देता येतं. पण अर्जाला प्रमाणपत्राची प्रत लावावी लागते. वडिलांचे गुडघे गेलेत, कमी दिसतं, एवढ्यावर होत नाही.

ते थोडंफार चालू शकत असतील तर बूथवरच न्या. रॅम्प असतो, व्हीलचेअर मिळते, म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं करत नाहीत. दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर सोबत अठरा वर्षांवरचं एक माणूस आत नेता येतं.

---

जेलरोडचा दादा | १८ ऑक्टोबर

ताई, तुमचं खरं आहे, पण याची दुसरी बाजू सांगतो, कारण माझ्या वडिलांचं मत याच भानगडीत गेलं.

वडील ८६ चे. लोकसभेला कोणीतरी फॉर्म आणून दिला, "काका, सही करा, घरी येऊन मत घेतील." त्यांनी केली. मी कामावर होतो, मला संध्याकाळी कळलं. मलाही चांगलंच वाटलं. पथक येणार त्याच आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. पथक आलं, घराला कुलूप. पुन्हा आलं, पुन्हा कुलूप. दोनदाच येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

मतदानाच्या दोन दिवस आधी वडिलांना घरी सोडलं. २० मे च्या सकाळी म्हणाले, मला बूथवर ने, मी बरा आहे. रिक्षाने नेलं. यादीत त्यांच्या नावापुढे 'पीबी' लिहिलेलं. म्हणजे पोस्टल बॅलट, टपाली मत मंजूर. घरून दिलेलं मतही टपालीच धरतात. ज्याच्या नावापुढे ती खूण पडली त्याला बूथवर मत देता येत नाही, मग टपाली मत दिलेलं असो की नसो. तिथल्या अधिकाऱ्याची काही चूक नव्हती, नियमच तसा आहे. वडील अर्धा तास बाकावर बसून राहिले, हातात मतदार ओळखपत्र. १९६२ पासून एकही मतदान चुकवलेलं नव्हतं त्यांनी.

तेव्हा सही करण्याआधी घरात बोला. फॉर्म भरणं ऐच्छिक आहे. माणूस बूथपर्यंत जाऊ शकत असेल आणि त्याला जायची इच्छा असेल तर सही करू नका.

---

पंचवटीची सून | १८ ऑक्टोबर

दादा, वाचून पोटात कालवलं. हे प्रत्येक घरात सांगायला हवं. आणि मोबाइल नंबर अर्जात नीट लिहा. पथकाची तारीख त्यावरच मेसेजने येते, नाहीतर पत्राने किंवा बीएलओकडून निरोप येतो. घरातलं दवाखान्याचं, प्रवासाचं काही ठरलेलं असेल तर ती तारीख बघून ठरवा.

---

पुण्यातला नाशिककर | १८ ऑक्टोबर

मी हिंजवडीत नोकरीला आहे, नाव सिडकोतल्या यादीत. आमच्यासारख्यांना टपालाने मत मागवता येतं का? कंपनीतले बरेच जण विचारताहेत. माझी बहीण दुबईत आहे, तिचंही सांगा.

---

मास्तरीण, इंदिरानगर | १८ ऑक्टोबर

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, निवडणुकीची ड्युटी बरीच वर्षं करतेय, म्हणून उत्तर देते.

नोकरी-शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्यांना आपल्याकडे टपाली मत नाही. नाशिकला येऊन मत द्या, नाहीतर नमुना ८ भरून नाव पुण्याच्या पत्त्यावर हलवा आणि तिकडे मत द्या. या निवडणुकीसाठी नाव हलवायचं तर उद्या १९ तारीख शेवटची आहे. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसाआधी दहा दिवसांपर्यंतच ते घेतात. २० नोव्हेंबर बुधवार आहे. मतदानाच्या दिवशी मतदाराला पगारी सुट्टी देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब. कंपनीला ते दाखवा.

बहिणीचं नागरिकत्व भारतीयच असेल तर तिला प्रवासी मतदार म्हणून नमुना ६ अ भरता येतो, पण मत द्यायला इथेच यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. परदेशातून टपालाने मत फक्त तिथे नेमणुकीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना.

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी, कारण निवडणुकीची ड्युटी करणारेच सगळ्यात जास्त मतं गमावतात. आपण दुसऱ्यांचं मतदान घडवतो आणि आपलं राहून जातं.

ड्युटी जिथे लागली ते ठिकाण आपल्याच मतदारसंघात मोडत असेल तर नमुना १२ अ भरायचा. त्यावर ईडीसी, म्हणजे निवडणूक ड्युटीचं प्रमाणपत्र, मिळते आणि जिथे ड्युटी तिथल्या मशीनवरच मत देता येतं. मतदारसंघ वेगळा असेल तर नमुना १२, टपाली मतपत्रिका. गंमत अशी की लोकसभेला आणि विधानसभेला एकाच माणसाचं उत्तर वेगळं येतं. माझं नाव नाशिक मध्यला. मे महिन्यात ड्युटी सिन्नरला होती. सिन्नर नाशिक लोकसभेतच येतं, म्हणून ईडीसी चालली. आता विधानसभेला हीच ड्युटी लागली तर सिन्नर वेगळा मतदारसंघ, म्हणजे टपाली मत. आणि लोकसभेला निफाडला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला तेव्हाही टपालीच घ्यावं लागलं, कारण निफाड दिंडोरी लोकसभेत. मागच्या वेळी ईडीसी मिळाली म्हणून या वेळीही तोच फॉर्म भरून मोकळ्या होऊ नका.

नमुना १२ मतदानाच्या सात दिवस आधी पोचायला हवा. प्रशिक्षणाच्या ठिकाणीच वाटतात, तिथेच भरून द्या. यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक पाठ करून जा. निम्मे अर्ज त्या दोन रकान्यांसाठी अडतात. आणि आता पाकीट घरी नेऊन पोस्टात टाकायची पद्धत राहिलेली नाही. २०२३ मध्ये नियम बदलला. मतपत्रिका सुविधा केंद्रातच मिळते, तिथेच आडोशामागे खूण करायची, तिथेच पेटीत टाकायची. "नंतर निवांत टाकते" असं म्हणायची सोय नाही.

---

मनमाड जंक्शन | १९ ऑक्टोबर

मी लोको पायलट आहे. २० तारखेला मी कुठल्या स्टेशनात असेन मला आज सांगता येणार नाही. आमचं काय?

---

मास्तरीण, इंदिरानगर | १९ ऑक्टोबर

दादा, तुम्ही अत्यावश्यक सेवेतले अनुपस्थित मतदार, म्हणजे ड्युटीमुळे बूथवर जाऊ न शकणारे. कुठली खाती घ्यायची ते आयोग दर निवडणुकीला जाहीर करतो. यादीत तुमचा विभाग आहे ना ते ऑफिसात आजच विचारा. फॉर्म तोच, १२ ड, मुदतही तीच, फक्त त्यावर तुमच्या खात्याच्या नोडल अधिकाऱ्याची सही लागते. तुमच्याकडे घरी कोणी येणार नाही. टपाली मतदान केंद्र असतं, मतदानाआधी ठरावीक तीन दिवस उघडं. तीनपैकी एका दिवशी जाऊन मत देऊन यायचं. रोस्टर लागण्याआधी साहेबांना सांगून ठेवा.

---

भगूरवाली | १९ ऑक्टोबर

माझे मिस्टर फौजेत आहेत, सध्या ईशान्येला. नाव भगूरच्या पत्त्यावर सैनिक मतदार म्हणून आहे. मागच्या वेळी त्यांचं पाकीट पोचलं की नाही हे आम्हाला कधी कळलंच नाही. आणि मी इथे सासरी राहते, मलाही टपाली मत घ्यावं लागेल का?

---

तोफखाना निवृत्त, देवळाली कॅम्प | १९ ऑक्टोबर

सूनबाई, तुम्ही भगूरला राहता म्हणजे तुम्ही साध्या मतदार. बूथवर जाऊन मत द्या. सैनिक मतदाराची पत्नी त्याच्याजवळ नेमणुकीच्या ठिकाणी राहत असेल तरच तिचं नाव त्याच्याबरोबर लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा नियम स्त्री अधिकाऱ्यांच्या पतींनाही लागू झाला, ते फार बरं झालं.

मिस्टरांचं सांगतो. आमच्या काळी मतपत्रिका इथून पोस्टाने युनिटला जायची, तिथून पोस्टाने परत यायची. डोंगरावर पोस्टिंग असलं की निकाल रेडिओवर ऐकायचा आणि मतपत्रिका त्यानंतर हातात पडायची. मी स्वतः अशा दोन मतपत्रिका हातात धरून बसलो आहे. २०१६ पासून जाणारी खेप ऑनलाइन झाली. मतपत्रिका संगणकावर येते, पिन टाकून उघडायची, छापून घ्यायची. ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली की उमेदवारांची यादी पक्की होते, त्यानंतर ती निघते. परत येणारी खेप मात्र अजूनही पोस्टाचीच. तिकीट लावावं लागत नाही.

त्यांना फोनवर चार गोष्टी सांगा. मतपत्रिकेवर फक्त खूण, सही किंवा नाव नाही, ओळख पटली की मत बाद. मतपत्रिका लहान पाकिटात, ते १३ ब. घोषणापत्र १३ अ, त्यावर त्यांची सही आणि युनिटच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचं साक्षांकन. हे घोषणापत्र लहान पाकिटात घालायचं नाही. लहान पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात, ते १३ क. आणि पाकीट २३ तारखेला सकाळी आठच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे. पोस्टाचा शिक्का आधीचा आहे, हे कारण चालत नाही. म्हणून मतपत्रिका आली त्याच दिवशी स्पीड पोस्ट करायला सांगा आणि पावतीचा फोटो मागवून घ्या.

एक वाट आणखी आहे. सैनिकाला नमुना १३ फ भरून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो प्रतिनिधी इथल्या बूथवर जाऊन त्यांच्या वतीने मत देतो. त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे त्याचं स्वतःचं मत वेगळं राहतं. माझ्या धाकट्या भावाने बर्फात असताना आमच्या वडिलांना नेमलं होतं. वडील दोन बोटांना शाई लावून गावभर हिंडले होते.

---

जेलरोडचा दादा | २० ऑक्टोबर

आमच्याकडे मध्यवर्ती कारागृह जवळच असल्यामुळे मुलगा विचारत होता, आतल्या लोकांना मत असतं का?

---

मास्तरीण, इंदिरानगर | २० ऑक्टोबर

शिक्षा भोगणाऱ्यांना नाही, कच्च्या कैद्यांनाही नाही. फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांना मत आहे, तेही टपालाने.

---

गंगापूररोडवासी | २१ ऑक्टोबर

एक शंका आहे. टपाली मतं शेवटी मोजतात की नाही? आमच्या कट्ट्यावर एक जण छातीठोक सांगत होता की निकाल जवळचा असेल तरच ती पाकिटं उघडतात.

---

मास्तरीण, इंदिरानगर | २१ ऑक्टोबर

काका, सगळ्यात आधी तीच मोजतात. सकाळी आठला टपाली, अर्ध्या तासाने मशीनची.

मी मोजणीच्या टेबलावर बसलेली आहे. मोठं पाकीट उघडायचं, घोषणापत्र काढायचं, सही आणि साक्षांकन बघायचं, त्यावर लिहिलेला मतपत्रिकेचा अनुक्रमांक लहान पाकिटावरच्या अनुक्रमांकाशी ताडायचा. हे सगळं जुळलं तरच लहान पाकीट पुढे जातं. घोषणापत्र नसेल किंवा सही नसेल तर लहान पाकीट उघडतच नाहीत, तसंच बाजूला ठेवतात. एक पाकीट अजून डोळ्यांसमोर आहे. घोषणापत्रावर अधिकाऱ्याचा गोल शिक्का अगदी स्वच्छ उमटलेला, नाव सुरेख अक्षरात, आणि सहीची जागा कोरी. आतलं मत कोणालाच कळलं नाही.

आणि या मतांनी काय होतं विचाराल तर जूनमध्ये मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांवर लागला. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर बाद झालेली सगळी मतं पुन्हा तपासावी लागतात, तिथे तेच करावं लागलं.

---

पंचवटीची सून | २५ ऑक्टोबर

सासूबाईंचा १२ ड आज भरून दिला, पोच घेतली. आमच्या गल्लीतल्या आणखी तीन आजींचे आणि एका पोलिओ झालेल्या दादाचा पण. त्या दादाचं प्रमाणपत्र सापडत नव्हतं, रात्री अकराला ट्रंकेच्या तळाशी निघालं. ज्यांचं राहिलंय त्यांनी उद्या सकाळीच जा. वसुबारस सोमवारी आहे, त्याच्या आत हे काम उरका.

---

जेलरोडचा दादा | २६ ऑक्टोबर

या वेळी फॉर्म घरी आला होता. वडिलांना सगळं समजावून विचारलं. म्हणाले, मी चालत जाईन. सही केली नाही.

---

मनमाड जंक्शन | १८ नोव्हेंबर

मास्तरीणबाई, आज केंद्रावर जाऊन मत दिलं. तुम्ही साहेबांना आधी सांगा म्हणालात म्हणून तीनपैकी एक दिवस मोकळा ठेवता आला. धन्यवाद.

---

जेलरोडचा दादा | २० नोव्हेंबर

सकाळी साडेसातला वडिलांना नेलं. शाळेच्या फाटकापासून व्हीलचेअर देत होते, त्यांनी नाकारली, माझा दंड धरून गेले. यादीत नावापुढे काही खूण नव्हती. बोटाची शाई सुकेपर्यंत बोट वर धरून बसले होते.

---

भगूरवाली | २३ नोव्हेंबर, सकाळी

निवृत्त काकांनी सांगितलं तसं केलं. पावतीचा फोटो मागवला आणि रोज नंबर टाकून बघत होते. परवा 'वितरित' असं दिसलं. मिस्टरांचा फोन आता सात वाजता आला, पहिला प्रश्न तोच, पाकीट पोचलं का? म्हटलं पोचलं, २१ तारखेला. सहीचं पुन्हा विचारलं, तर म्हणाले, सही केली, सुभेदार साहेबांनी दोनदा तपासून मग डिंक लावला.

---

मास्तरीण, इंदिरानगर | २३ नोव्हेंबर, रात्री

आपल्याच जिल्ह्यातला मालेगाव मध्यचा निकाल पाहिलात का? १६२ मतांचा फरक. आमच्या एका प्रशिक्षण वर्गात याहून जास्त शिक्षक बसतात.